काकूंचा आखूड सीव्ही

माझा पहिला सीव्ही काकूंनी पोळ्या लाटता लाटता नापास केला.

तेव्हा मी हुडकेश्वरला त्यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहत होते. वरूडहून नागपूरला आले, चित्रकला शिकले, मध्येच फोटोग्राफीच्या नादाला लागले आणि शिक्षण संपल्यावर कामासाठी वणवण करत होते. मिहान औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीला यंत्रांच्या सुट्या भागांचे फोटो काढायला कोणीतरी हवं होतं. त्यासाठी आठवडाभर खपून मी चांगला चार पानी सीव्ही सजवला होता. मागे पुसट कॅमेरा, कडेला वेलबुट्टी, वर माझा हसरा फोटो. काकूंनी पिठाचे हात पदराला पुसले, पानं चाळली आणि माझी मलाच परत दिली.

"उभी राहा अन् मोठ्यानं वाच."

"बसून वाचते ना काकू."

"बसून खोटं लवकर बोलल्या जाते. उभी राहा."

मी उभी राहिले. 'लहानपणापासूनच मला छायाचित्रणाची अतीव ओढ होती,' असं पहिलं वाक्य होतं.

"लहानपणी घरी कॅमेरा होता का?"

"नव्हता."

"मंग कशाची ओढ होती? काढून टाक ते." त्यांनी पोळी तव्यावर टाकली. "अन् हा वरचा फोटो कोणी काढला?"

"मैत्रिणीनं. मोबाईलवर."

"अवं माय! फोटोग्राफरच्या बायोडाटात दुसऱ्यानं मोबाईलवर काढलेला फोटो? अन् तसंही, तुझं तोंड पाहून जो काम देईन त्याच्याकडे तू जाऊच नको."

पुढे माझ्या कॅमेऱ्याचं आणि लेन्सांचं कौतुक होतं. त्यावर त्यांनी विचारलं, की स्वयंपाकवाली बाई कामाले जाते तेव्हा आपल्या कढईच्या कंपनीचं नाव सांगते काय. मग 'पॅशनेट' हा शब्द आला आणि काकू लाटणं ठेवून माझ्याकडे वळल्या. त्यांच्या हातून मुलींचे लग्नासाठीचे फोटो पुष्कळ गेले होते, त्यामुळे त्यांनी लग्नाचे बायोडाटेही ढिगानं वाचलेले होते.

"तिकडे सगळ्या पोरी गोऱ्या अन् गृहकृत्यदक्ष. इकडे तुम्ही सगळे पॅशनेट. वाचणाऱ्याले तुम्ही येडं समजता काय वं?"

पोळ्या संपेपर्यंत माझी चार पानं एका पानावर आली होती. ठळक नाव, फोन नंबर, एका ओळीत शिक्षण. आणि प्रत्येक कामापुढे तीनच गोष्टी: कोणासाठी केलं, काय केलं, आणि आज ते कुठं पाहायला मिळेल. हा 'आज' काकूंचा लाडका. मी एका वेबसाइटवर फोटो असल्याचं लिहिलं होतं, पण ती वेबसाइट बंद पडली होती. "पाहतो म्हटलं तं आज दिसलं पाहिजे," असं म्हणून त्यांनी तीही ओळ उडवली. मला फार राग आला. ती नोकरी मिळाली तेव्हा पेढे आणून दिले, पण राग पुरता गेला नव्हता.

आता तो रागही हवासा वाटतो. आजकाल माझं कोणी काही खोडतच नाही.

माझ्या नोकरीची बातमी आमच्या चित्रकलेच्या गोतावळ्यात पसरली आणि काकूंच्या पडवीत वर्दळ सुरू झाली. पेंटर, मूर्तिकार, लग्नात ड्रोन उडवणारी पोरं, सगळे आपापली पानं घेऊन यायचे आणि उभं राहून खणखणीत आवाजात स्वतःची स्तुती वाचायचे. समोरच्या घरातल्या बायका निवडणटिपण घेऊन फाटकाशी येऊन बसत. त्यांना फुकटची करमणूक होती. एका मूर्तिकारानं 'आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात सहभाग' असं वाचलं, तेव्हा काकूंनी शांतपणे विचारलं, "पासपोर्ट काढला होता का गा?" प्रदर्शन इंटरनेटवर होतं आणि त्यात ज्यानं अर्ज केला त्या प्रत्येकाचा सहभाग होता. तो बिचारा खाली मान घालून स्वतःच खोडू लागला. काकूंनी त्याला तर्रीपोहे खाऊ घालून पाठवलं. कोणालाही उपाशीपोटी परत पाठवायचं नाही आणि कोणाचंही विशेषण शिल्लक ठेवायचं नाही, असा त्यांचा खाक्या होता.

काकू स्वतः फोटोग्राफर होत्या. सीताबर्डीवरच्या एका स्टुडिओत त्या ऐन तारुण्यात लागल्या, नवरा गेल्यानंतर. हळद, डोहाळजेवण, मुहूर्तमेढ अशा बायकांच्या घोळक्यात पुरुष फोटोग्राफर घुसलेला लोकांना आवडत नसे, म्हणून मालकानं त्यांना शिकवून तयार केलं. साडीखाली पांढरे, नाड्यांचे बूट. कार्यालयाच्या फरशीवर पाकळ्या आणि पाणी सांडून घसरायला होतं म्हणून घातलेले ते बूट पुढे त्या देवळातसुद्धा घालून जायच्या आणि पायरीशी बसून नाड्या सोडत सगळ्यांचा रस्ता अडवायच्या. कुठेही गेल्या की आधी माणसांकडे न पाहता उजेड कुठून येतो ते पाहायच्या. दुसऱ्याच्या घरी खुर्ची उचलून खिडकीशी नेऊन बसायच्या. भाजीवाल्याशी घासाघीस करताना मध्येच म्हणायच्या, "भाऊ, जरा इकडे सरक, अर्ध्या तोंडावर अंधार घेऊन काहून बसला गा?" तो सरकायचा आणि भाव मात्र तसाच ठेवायचा.

पण त्यांचं खरं काम वेगळंच होतं, आणि ते त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

आपल्याकडे कोणी म्हातारं माणूस गेलं की तेरवीच्या आत फोटो हवा असतो, हार घालायला. मग घरातले सगळे अल्बम बाहेर निघतात आणि लक्षात येतं, की आजीचा एकटीचा असा फोटोच नाही. कुठल्यातरी पुतण्याच्या लग्नातल्या घोळक्यातून तिचा चेहरा कापून मोठा करतात. चेहरा फुटतो, डोळे मिटलेले असतात, आणि खांद्यावर कोणाचा तरी अर्धा हात राहून जातो. तो हात कोणाचा यावर पुढे वर्षानुवर्षं घरात वाद चालतात.

काकूंना हे सहन होत नसे. म्हणून प्रत्येक लग्नात, नवरानवरीचं आटोपलं की त्या कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यांना शोधायच्या. हात धरून एखाद्या खिडकीशी, नाहीतर कार्यालयाच्या मागच्या पायरीवर न्यायच्या, पदर सारखा करायच्या. हसा बिसा काही म्हणायच्या नाहीत. विचारायच्या, "आजी, तुमच्या माहेरची विहीर गोडी होती का खारी?" आजीचा चेहरा त्या विहिरीपर्यंत जाऊन परत यायला थोडा वेळ लागे. काकू तेवढ्यात फोटो काढत. आजोबांना विचारायच्या, पोळ्याला तुमची कोणती बैलजोडी निघे. फोटो काढल्याचं घरच्यांना सांगायच्या नाहीत. स्वतःच्या खर्चानं एक प्रत करून लोखंडी कपाटात ठेवून द्यायच्या. कधीतरी निरोप यायचा, "काकू, आमची आई गेली, तुमच्याकडे एखादा फोटो असन काय?" आणि काकू कपाट उघडायच्या.

"तुम्ही लग्नात लोकांचं मरण पाहता," मी एकदा थट्टेनं म्हटलं.

"मरण नाही पाहत वं. घर पाहतो. भिंत रिकामी नको राहाले."

या सगळ्या फोटोंच्या मागे शिक्का मात्र स्टुडिओचा. मालक माणूस वाईट नव्हता, तेव्हा पद्धतच तशी होती. पुढे मालक गेला, स्टुडिओ मिटला, निगेटिव्हचे डबे भंगारात गेले, कपाटही मागणाऱ्यांना देऊन देऊन रिकामं झालं आणि काकूंची सगळी कमाई लोकांच्या बाहेरच्या खोल्यांमध्ये, हारांच्या मागे उरली. त्यांना याचं काही वाटत नसावं असं मी धरून चालले होते. पण एका दुपारी त्या डोळ्यांच्या डॉक्टरकडून आल्या, चहा मांडला, आणि माझ्या कपाशेजारी वर्तमानपत्राचं एक कात्रण ठेवलं. शहरातली एक कलादालन चालवणारी संस्था नागपूरच्या जुन्या फोटोग्राफरांचं प्रदर्शन भरवणार होती. इच्छुकांनी आपला सीव्ही आणि फोटोंच्या मूळ प्रती द्याव्यात, फोटोवरून काढलेले फोटो चालणार नाहीत.

"डोळ्यात काचबिंदू निघाला," काकू म्हणाल्या. "हळूहळू जाईन म्हणते नजर. त्याच्या आधी मले एकदा पाहाचं आहे. माझ्या फोटोच्या खाली माझं नाव. छापलेलं. बस, अजून काही नाही."

इतकी वर्षं दुसऱ्यांची नावं ठळक करायला सांगणाऱ्या बाईला स्वतःचं नाव एकदा पाहायचं होतं. मला रडूच आलं. त्यांनी मला चहा गार होतोय म्हणून झापलं.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन बसले. काकू सवयीनं उभ्या राहिल्या आणि सांगू लागल्या. नाव झालं, फोन झाला, शिक्षण मॅट्रिक. मग मी म्हटलं, "प्रदर्शनं?" काकूंनी पदराचं टोक हातात घेतलं. "पुरस्कार?" ज्या बाईपुढे शहरातली अर्धी कलाकार पोरं थरथरायची, ती स्वतःच्या सीव्हीपुढे पदराचं टोक पिळत उभी होती.

"घरं लिव," शेवटी त्या म्हणाल्या. "ज्याच्या ज्याच्या घरी लागले आहे ते लिव. आज जाऊन पाहिलं तं दिसन."

घरं लिहिली तरी दालनात टांगायला फोटो हवेत, आणि ते तर त्या घरांच्या भिंतींवर. म्हणून आम्ही मागायला निघालो. माझी स्कूटर, मागे काकू, मांडीवर जुन्या साड्यांचं बोचकं, फोटो गुंडाळून आणायला. पहिलं घर शहरातल्या महाल भागातलं. घरातल्या सुनेनं आम्हाला पाणी दिलं, स्टुलावर चढून आजेसासऱ्यांना खाली काढलं आणि म्हणाली, "घेऊन जा काकू. परत द्याची काही घाई नाही." बाहेर आल्यावर काकू स्कूटरवर बसेनात.

"एवढ्या लवकर काहून दिला वं हिनं?"

"अहो, आपण मागायलाच आलो होतो ना!"

"मागाले आलो होतो. पण तिनं जरा तं थांबाचं." आणि त्या परत आत गेल्या, स्वतः स्टुलावर चढल्या आणि म्हाताऱ्याला होता तिथे टांगून आल्या. अशानं प्रदर्शन कसं व्हायचं, ते मला कळेना.

त्यांचा सगळ्यात आवडता फोटो उमरेडला होता. एका विणकराच्या आईचा. आम्ही एसटीनं गेलो. घर लहान, ओसरीत बंद पडलेला माग, आणि आतल्या भिंतीवर ती. मी फोटो पुष्कळ पाहिलेत, काढतेही. तसा पुन्हा पाहिला नाही. म्हातारी नुसती बसलेली होती, पण आता काहीतरी बोलेल म्हणून आपण थांबून राहावं असा तो चेहरा होता. विणकर वारला होता, घर त्याची बायको चालवत होती. काकूंनी सगळं नीट समजावून सांगितलं, डोळ्यांचंही सांगितलं. ती बाई ऐकत राहिली. मग म्हणाली, "काकू, तुम्ही काढला हे खरं आहे. तुमचा हक्क आहे. पण मी नाही देणार."

"महिनाभराचाच सवाल आहे वं."

"एक दिस बी नाही. सकाळी चहा ठेवला का मी पहिले तिकडे पाहतो. जितेपणी त्या माह्याशी धड बोलल्या नाही. आता रोज बोलून राहिल्या. त्याइले मी कुठी पाठवत नाही."

काकूंनी एकदा त्या भिंतीकडे पाहिलं. मग वाकून पांढऱ्या बुटांच्या नाड्या बांधू लागल्या. नाड्या दिसत नव्हत्या की डोळे भरले होते, मला सांगता येणार नाही. शेवटी मीच बांधून दिल्या. बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या, बोचकं मांडीवर तसंच रिकामं. कुही फाटा गेल्यावर म्हणाल्या, "चांगलं आहे वं तिथं." आणि थोड्या वेळानं, अगदी हळू, "पण नाव राहिलं."

त्यानंतर काकूंनी कुठल्याच घरी फोटो मागितला नाही. नुसता सीव्ही घेऊन आम्ही त्या दालनात गेलो. टेबलामागचा मुलगा सभ्य होता. त्यानं पान पूर्ण वाचलं.

"काकू, ही घरं झाली. हे प्रदर्शन नाही धरता येणार."

"लोक रोज पाहते गा तिथं. तुमच्याकडे रोज कोण येते?"

तो हसला, पण नियम नियमच होते. परतताना मी त्या मुलाला नावं ठेवायला लागले, तर काकूंनी मलाच गप्प केलं. "त्याचं बरोबर आहे. त्याच्या जागी मी असती तं मी बी खोडलं असतं." घरी येऊन त्या वाटाणे सोलत बसल्या आणि पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

काढला नाही म्हणजे दालनाचा. सीव्हीचा सोडला नाही. नजर गेली तसा हैदराबादला नोकरी करणारा त्यांचा मुलगा त्यांना तिकडे घेऊन गेला. वरच्या खोलीत मी राहिले, खाली कुलूप. दर रविवारी फोन. तब्येत, हवापाणी झालं की विचारायच्या, "प्रदर्शन चालू आहे का माझं?" मी सुट्टीला अधूनमधून त्यांची घरं फिरून यायची. एका घरानं जुना वाडा पाडून फ्लॅट बांधला आणि नव्या भिंतीला खिळा नको म्हणून आजोबा माळ्यावर गेले. कुठे वाटण्या झाल्या आणि फोटो कोणी न्यायचा ते ठरलंच नाही. महालातल्या म्हाताऱ्याच्या जागी मोठा टीव्ही आला. मी काही लपवलं तर त्यांना आवाजावरून कळायचं.

"उभी राहून सांग," त्या तिकडून म्हणायच्या. आणि मी खरंच उभी राहायची.

"आज नाही ना दिसत? मंग खोड."

सगळ्यांचे सीव्ही वर्षागणिक वाढत जातात. माझाही वाढला. काकूंचा मात्र एकेक ओळीनं आखूड होत गेला. मी म्हणायची, राहू द्या ना, कोण बघायला जातंय? त्यावर त्यांचा आवाज कडक व्हायचा. आंधळ्या झाल्या होत्या, पण खोटी ओळ त्यांना खपत नव्हती. शेवटी उमरेडचं तेवढं एक घर उरलं.

हिवाळ्यात काकू गेल्या. मुलानं फोन केला तोवर सगळं उरकलं होतं. पुढच्या रविवारी मी फोनजवळ बसून राहिले आणि नेहमीची वेळ टळून गेल्यावर रडले. मला त्यांची फार आठवण येते. कामावर एखादं यंत्र पुसूनबिसून टेबलावर ठेवते आणि वाटतं, कोणीतरी मागून म्हणावं, उजेड कुठून येऊन राहिला ते पाह्य पहिले.

गेल्या महिन्यात मी एका लहान पट्टीवर काकूंचं नाव छापून घेतलं. नुसतं नाव, पुढेमागे काही नाही. विशेषण लावायची माझी हिंमतच नव्हती. आणि उमरेडची बस पकडली.

घराला रंग चालला होता. सामान ओसरीत आणलेलं, भिंती ओल्या, आणि भिंतीवरून उतरवलेल्या फोटोतल्या सासूबाई खुर्चीत, अंगावर धुतलेलं पातळ पांघरून. मी विणकराच्या बायकोला काकूंचं सांगितलं. तिनं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग मी पट्टी दाखवली. तिनं अक्षरं लावत नाव वाचलं.

"हे काकूचं नाव होय? इतके वर्ष झाले, मले माहीतच नाही." मग जरा थबकून म्हणाली, "पण ताई, फोटोच्या खाली गेलेल्या माणसाचं नाव राहते. लोकाइले वाटन का हे माह्या सासूचं नाव आहे."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. काकूंच्याही कधी आलं नसावं. आपल्या घरांत फोटोखाली नाव लागतं ते फोटोतल्याचं, आणि तेही तो गेल्यावर. मी पट्टी परत पर्समध्ये ठेवायला लागले. तिनं ती माझ्या हातातून काढून घेतली.

"लाव," ती म्हणाली. "दोघी बी गेल्याच आता."

रंग वाळेपर्यंत आम्ही दोघी ओसरीत बसलो. तिनं दोनदा चहा केला. उन्हं उतरू लागली तेव्हा रंगाऱ्यानं भिंतीला बोट लावून पाहिलं आणि म्हणाला, "हाव, ठोका आता." तिनं खिळा ठोकला, मी फोटो टांगला आणि खाली पट्टी चिकटवली. रंगारी भिवापूरकडचा, या घराला नवखा. ब्रश धुता धुता तो जवळ आला, पट्टीवरचं पूर्ण नाव त्यानं मोठ्यानं वाचलं, आणि डोक्यावरची टोपी काढून त्या नावाला हात जोडले.

विणकराच्या बायकोनं काही सांगायला तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. मीही काही बोलले नाही.